तिशीच्या आत लागलेलं दुखणं आयुष्यभर सुटलं नाही, तरी डार्विनने इतकं काम कसं केलं?

समजा तुमचं वय अठ्ठावीस-एकोणतीस आहे. जेवण झालं की छातीत जळजळ होते, रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी येतं. इतके दिवस तुम्ही अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर निभावून नेलं. शेवटी डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली, अन्ननलिकेचा छोटासा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्टवर एक नवाच शब्द आला, बॅरेट्स इसोफॅगस.

हा आजार जास्त करून पन्नाशी ओलांडलेल्या लोकांमध्ये सापडतो. त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर आजूबाजूला सगळे काका आणि आजोबा बसलेले असतात. घरी येऊन मोबाइलवर शोधलं, की पहिल्या पाच मिनिटांत कॅन्सर हा शब्द समोर येतो. मग झोप उडते. आता आयुष्यभर गोळ्या खायच्या का? लग्न, नोकरी, प्रवास यांचं काय? ठरवलेलं काम पुरं करायला वेळ मिळेल ना?

तरुणपणीच पोटाचं न सुटणारं दुखणं मागे लागलेल्या एका माणसालाही यातले बरेच प्रश्न पडले होते. त्याचं नाव चार्ल्स डार्विन. त्याला बॅरेट्स होता असं इथे म्हणायचं नाही. त्याला नेमकं काय झालं होतं हे त्याच्या हयातीत कुणालाच कळलं नाही, आणि आजही त्यावर एकमत नाही. पण सुमारे चाळीस वर्षं तो त्या दुखण्यासोबत जगला. उत्क्रांतीचा सिद्धांत, त्यावरची पुस्तकं, दहा मुलांचा संसार, हे सगळं त्याने त्या दुखण्यातच उभं केलं. कसं, ते पाहूया.

बोटीवर चढण्याआधीच धडधड सुरू

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर होते. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला एडिंबरोला पाठवलं. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती. शुद्धीवर असलेल्या रुग्णांवर होणाऱ्या शस्त्रक्रिया डार्विनला बघवल्या नाहीत आणि त्याने वैद्यकीचा नाद सोडला. पुढे तो केंब्रिजला शिकला आणि २२ व्या वर्षी त्याला बीगल या जहाजावरून जगप्रवासाला जायची संधी मिळाली.

जहाज सुटायची वाट पाहत तो प्लिमथ बंदरात थांबला होता, तेव्हाच त्याच्या छातीत धडधडायला आणि दुखायला लागलं. आपल्याला हृदयविकार आहे अशी त्याची खात्री झाली. तरीही तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं तर काय, ही भीती त्याला आजाराच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतलं. समुद्रावर असताना बोट लागण्याचा त्रास त्याला अखेरपर्यंत होता. पण जमिनीवर उतरला की तो मैलोन्मैल घोड्यावरून फिरायचा, डोंगर चढायचा. १८३४ मध्ये चिलीतल्या वाल्परायसो इथे मात्र तो आजारी पडला आणि जवळपास महिनाभर अंथरुणात होता. ते सोडलं तर हा तरुण चांगला धडधाकट होता.

वय २८, आणि तब्येत फिरली

परतल्यावर डार्विन लंडनमध्ये कामाला लागला. प्रवासाचं पुस्तक, जमवलेल्या नमुन्यांची व्यवस्था, वैज्ञानिक संस्थांच्या बैठका, आणि एका गुप्त वहीत प्राणी कसे बदलत जातात याबद्दलची टिपणं. सप्टेंबर १८३७ मध्ये छातीतली धडधड पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी काम बंद करून गावी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. तेव्हा त्याचं वय २८ होतं.

विश्रांतीने थोडं बरं वाटलं, पण दुखणं गेलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्याला पोटाने ग्रासलं. पोटात गॅस धरायचा, मळमळायचं, उलट्या व्हायच्या, डोकं दुखायचं, अंगात त्राण उरायचं नाही. कातडीवर खाजरे चट्टे यायचे. काही वेळा आठवडेच्या आठवडे जायचे आणि हातून काही काम व्हायचं नाही.

एखाद्या सभेला गेला, चार लोकांशी जोशात बोलला, की रात्रभर उलट्या. पाहुण्यांशी अर्धा तास जास्त गप्पा झाल्या तरी ती रात्र जागून काढावी लागायची. बाहेरून बघणाऱ्याला तो ठणठणीत दिसायचा. त्यामुळे काहींना तो उगाच कुरकुरतोय असंही वाटायचं. पोटाचे जुने आजार असलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल.

मरणाची भीती वाटली, तेव्हा त्याने काय केलं?

जानेवारी १८३९ मध्ये डार्विनचं लग्न त्याची मामेबहीण एमा वेजवूड हिच्याशी झालं. सप्टेंबर १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनची गर्दी सोडून केंट परगण्यातल्या डाऊन गावी राहायला गेलं. त्याच वर्षी त्याने आपल्या सिद्धांताचा ३५ पानांचा आराखडा पेन्सिलने लिहून काढला होता. १८४४ पर्यंत तो वाढून सुमारे २३० पानांचा झाला.

तब्येतीचं हे असं. उद्या आपण नसलो तर? तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. ५ जुलै १८४४ रोजी त्याने एमाला एक पत्र लिहिलं. आपल्याला अचानक मरण आलं तर हे पत्र उघडायचं होतं. त्यात हा मजकूर छापण्यासाठी ४०० पौंड बाजूला काढायला सांगितलं होतं आणि संपादनाचं काम कुणाकडे द्यायचं याची नावं सुचवली होती.

मरणाचा विचार मनातून जात नव्हता, म्हणून त्याने तो कागदावर उतरवला आणि त्याची व्यवस्था लावली. मग तो पुन्हा कामाला बसला. ते पत्र उघडायची वेळ कधी आलीच नाही, कारण तो त्यानंतर जवळपास ३८ वर्षं जगला.

तीन तासांचा दिवस

डाऊनच्या घरात डार्विनने दिवसाची आखणीच दुखण्याला धरून केली. सकाळी लवकर उठून एक फेरी, पावणेआठला नाश्ता. आठ ते साडेनऊ हा त्याचा सगळ्यात चांगला वेळ, तो त्याने लेखन आणि प्रयोगांसाठी राखून ठेवला. नंतर थोडा वेळ पत्रं बघायची किंवा सोफ्यावर पडून एमा वाचेल ती कादंबरी ऐकायची. साडेदहा ते बारा पुन्हा काम. दुपारी जेवण, पत्रांची उत्तरं, आराम, आणि संध्याकाळी जमलं तर आणखी तासभर काम. मन लावून करायचं काम दिवसाला तीन-चार तासांच्या वर क्वचितच जायचं.

घराजवळ त्याने फिरण्यासाठी एक वाळूची पायवाट करून घेतली होती. तिला घरचे सँडवॉक म्हणत. किती फेऱ्या मारायच्या तेवढे दगड वाटेच्या कडेला मांडायचे आणि एक फेरी झाली की एक दगड पायाने बाजूला सारायचा, म्हणजे विचार करताना आकडा लक्षात ठेवायला नको.

अभ्यासिकेच्या एका कोपऱ्यात आडोसा करून उलटीसाठी सोय ठेवलेली होती. काम चालू असताना उमळून आलं की तिकडे जायचं, सावरायचं आणि परत टेबलाशी बसायचं. हा प्रकार त्याने घरच्यांपासून लपवला नाही, आणि त्याचा बाऊही केला नाही.

बाहेर जाणं जमत नाही, मग जगाशी संबंध कसा ठेवायचा? यावर त्याचं उत्तर होतं टपाल. कबुतरं पाळणारे हौशी, माळी, जहाजांवरचे अधिकारी, दूरदेशीचे शास्त्रज्ञ, सगळ्यांना तो प्रश्न विचारत राहिला. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५ हजार पत्रं आज उपलब्ध आहेत. एका जागी बसून त्याने जगभरातून माहिती गोळा केली.

गार पाण्याचे उपचार आणि तब्येतीची वही

डार्विनचे पहिले सल्लागार म्हणजे त्याचे वडील. नोव्हेंबर १८४८ मध्ये ते वारले तेव्हा तो स्वतः इतका आजारी होता, की त्यांच्या अंत्यविधीलाही वेळेवर पोहोचू शकला नाही. त्या हिवाळ्यात तब्येत आणखी खालावली.

मार्च १८४९ मध्ये तो सगळ्या कुटुंबासह मॉलव्हर्न या गावी डॉ. जेम्स गली यांच्याकडे गेला. गली यांचा जलोपचार त्या काळी फार लोकप्रिय होता. पहाटे गार पाण्याने अंग चोळून काढायचं, ओले पट्टे गुंडाळायचे, घाम काढायचा, भरपूर चालायचं, साखर, लोणी, मसालेदार पदार्थ बंद. गली होमिओपॅथीच्या गोळ्याही द्यायचे. त्यावर डार्विनचा विश्वास नव्हता, तरी तो त्या मुकाट्याने घ्यायचा. काही महिन्यांत त्याला बराच आराम पडला.

हा आराम गार पाण्याचा, की कामापासून दूर राहून साधं खाण्याचा आणि चालण्याचा, हे सांगणं अवघड आहे. आज डॉक्टर त्या उपचाराचं श्रेय पाण्याला देणार नाहीत. पण डार्विनने एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञासारखी केली. १ जुलै १८४९ पासून त्याने तब्येतीची वही ठेवायला सुरुवात केली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, काय त्रास झाला, कोणता उपचार केला, हे थोडक्यात लिहायचं आणि चांगल्या दिवसांची मोजदाद ठेवायची. जानेवारी १८५५ पर्यंत ही नोंद चालू होती.

ज्याला तो सगळ्यात जास्त घाबरत होता

स्वतःच्या दुखण्यापेक्षा डार्विनला एक भीती जास्त छळायची. हे आपल्या मुलांमध्ये उतरलं तर? शिवाय एमा नात्यातली. जवळच्या नात्यातल्या लग्नांचा मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही.

१८५१ मध्ये त्याची लाडकी मुलगी अ‍ॅनी आजारी पडली. ज्या गली यांच्याकडे आपल्याला गुण आला, त्यांच्याकडेच तो तिला मॉलव्हर्नला घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, ती घरीच राहिली. डार्विन मुलीच्या उशाशी बसून रोज घरी पत्रं पाठवत होता. २३ एप्रिल १८५१ रोजी दहा वर्षांची अ‍ॅनी गेली. त्या दुःखातून तो पूर्णपणे कधीच बाहेर आला नाही.

त्याच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. उरलेल्या सातांपैकी काहींच्या तब्येती नाजूक होत्या, पण सातही मोठी झाली आणि त्यातले तिघे मुलगे पुढे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. भीती अगदीच निराधार नव्हती, पण ज्या भयंकर रूपात ती त्याला दिसायची तशी ती खरी ठरली नाही.

पुस्तक गाजत होतं, लेखक उपचार घेत होता

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र आलं. त्यात डार्विनच्याच सिद्धांताशी जुळणारी मांडणी होती. वीस वर्षांचं काम हातचं जातंय असं त्याला वाटलं. त्याच सुमारास घरात स्कार्लेट फीव्हर शिरला आणि २८ जूनला त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा गेला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, तेव्हा डार्विन तिथे नव्हता.

मग त्याने पुस्तक लिहायला घेतलं. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं. पहिली आवृत्ती १२५० प्रतींची होती. त्या दिवशी लेखक यॉर्कशरमधल्या इल्कली गावी जलोपचार घेत होता. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धांतावर गाजलेला वाद झाला, तेव्हाही तो रिचमंडजवळच्या एका जलोपचार केंद्रात होता. बाजू लढवली ती हक्सली आणि हुकर या मित्रांनी. १८६४ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं, तेही घ्यायला त्याला जाता आलं नाही.

ज्या लढाया आपल्या तब्येतीला झेपणार नाहीत, त्या त्याने विश्वासाच्या माणसांवर सोपवल्या. स्वतः पुरावे जमवत राहिला, पत्रं लिहीत राहिला आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या सुधारत राहिला.

या काळात उपाय शोधणं थांबलं नव्हतं. १८६५ मध्ये डॉ. जॉन चॅपमन यांच्यासाठी त्याने आपल्या सगळ्या लक्षणांची यादी लिहून काढली. त्यांनी पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या. गुण आला नाही, तसा त्याने तो उपाय सोडला. पुढे डॉ. बेन्स जोन्स यांनी अगदी मोजकं खाणं आणि घोडेस्वारी सांगितली. त्याने काही काळ बरं वाटलं. नवा उपाय करून बघायचा, नाही लागू पडला तर सोडायचा, पण त्यात सगळं आयुष्य अडकवायचं नाही, असं त्याचं चाललं होतं.

एमाशिवाय हे शक्य नव्हतं

या गोष्टीत एमाचा वाटा मोठा आहे आणि तो सहज नजरेआड होतो. दहा बाळंतपणं, त्यातल्या तीन मुलांचे मृत्यू आणि वर्षानुवर्षं आजारी नवऱ्याची सेवा. पाहुणे किती वेळ थांबणार, नवरा कधी फार दमतोय, सुट्टीला कधी जायचं, हे तीच बघायची. घरात पैशांची ददात नव्हती, नोकरचाकर होते, म्हणूनही हे जमलं. रोज नोकरीवर जावं लागणाऱ्या माणसाला डार्विनसारखी विश्रांती परवडणारी नव्हती, हे मान्य करायलाच हवं.

पण त्या घरात नुसतं आजारपण नव्हतं. रोज रात्री नवराबायको बॅकगॅमनचे दोन डाव खेळायचे आणि डार्विन त्यांचाही हिशेब ठेवायचा. १८७६ च्या सुरुवातीला त्याचे २७९५ डाव जिंकून झाले होते आणि एमाचे २४९०.

शेवटच्या दशकात त्याची तब्येत आधीपेक्षा बरी राहिली. १८७१ मध्ये माणसाच्या वंशाबद्दलचं पुस्तक आलं, १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावरचं आणि १८८१ मध्ये गांडुळांवरचं. मागे वळून पाहताना त्याने लिहून ठेवलं, की आजारपणाने आपल्या आयुष्यातली बरीच वर्षं खाल्ली, पण समारंभ आणि करमणुकीत वेळ वाया जाण्यापासूनही वाचवलं. १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, हृदयविकाराने डाऊनच्या घरीच त्याचा मृत्यू झाला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचं दफन झालं.

मग त्याला नेमकं काय झालं होतं?

यावर डॉक्टर आणि इतिहासकार अजून वाद घालतात. दक्षिण अमेरिकेत त्याला एका रक्तशोषक किड्याने चावा घेतला होता, त्यावरून शागास रोगाचा तर्क मांडला गेला. कुणी दूध न पचण्याचा विकार म्हणतं, कुणी ठरावीक काळाने उलट्यांचे झटके येणारा आजार, कुणी तीव्र चिंताविकार. यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही.

आज रिपोर्ट हातात असेल तर?

डार्विनकडे नाव नसलेला आजार होता. बॅरेट्सचं निदान झालेल्या तरुणाकडे निदान नाव आहे, आणि त्याचा उपयोग होतो. हे नाव नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश सर्जनवरून पडलं. गंमत म्हणजे १९५० च्या लेखात त्यांनी हा भाग म्हणजे वर ओढलं गेलेलं जठर आहे असं मानलं होतं. १९५७ मध्ये त्यांनी मत बदललं आणि ती अन्ननलिकाच आहे हे मान्य केलं.

होतं काय, तर जठरातलं आम्ल वारंवार वर येतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलून आतड्याच्या अस्तरासारखं होतं. अशा अस्तरात कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं. पण बॅरेट्स असलेल्या बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही, हेही तितकंच खरं.

उपचारात आम्ल कमी करणारी औषधं, वजन आटोक्यात ठेवणं, तंबाखू बंद, झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटपणं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं अशा गोष्टी येतात. ठरावीक वर्षांनी एंडोस्कोपी करून अस्तरावर लक्ष ठेवलं जातं. पेशींत वाईट बदल नसतील तर हे अंतर साधारणपणे तीन ते पाच वर्षांचं असतं. तुमच्यासाठी ते किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. बदल दिसलेच, तर दुर्बिणीतूनच तो भाग काढता किंवा जाळता येतो. घास अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच असं काही झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जायचं.

तरुण वयात हे निदान होणं म्हणजे जास्त वर्षं काळजी घ्यावी लागणं. पण याचा अर्थ असाही आहे, की लक्ष ठेवायला लवकर सुरुवात झाली. डार्विनला ही सोय नव्हती. गलींपासून चॅपमनपर्यंत तो अंधारात चाचपडत राहिला.

त्याच्याकडून घेण्यासारखं मात्र बरंच आहे. त्रासाची नोंद ठेवावी, ती डॉक्टरांना दाखवावी. दिवसातला चांगला वेळ कोणता हे ओळखून महत्त्वाचं काम त्यात करावं. जे झेपत नाही ते जवळच्या माणसांना मोकळेपणाने सांगावं. मरणाचा विचार पिच्छा सोडत नसेल तर तो मनात घोळवत न बसता कुणापाशी तरी बोलावा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत घ्यावी. आणि पूर्ण बरं वाटेल तेव्हाच जगायला सुरुवात करू, असं ठरवू नये. डार्विन त्यासाठी थांबला असता, तर ती ३५ पानं कपाटातच राहिली असती.